बर्फावरच्या शर्यतीचं प्रक्षेपण: पहिल्या हंगामाला निघताना

मीडियाचा कोर्स करून युरोपात आलेली किंवा मुंबईच्या स्पोर्ट्स स्टुडिओत काम करणारी मराठी मुलं-मुली हिवाळी खेळांच्या कामाबद्दल विचारतात, तेव्हा प्रश्न बहुतेक तेच असतात. पास कसा मिळतो, अंगावर काय घालायचं, समालोचन डोंगरावरून होतं की स्टुडिओतून, आणि ‘वर्ल्ड फीड, वर्ल्ड फीड’ म्हणतात ते नक्की काय. मी रनर, म्हणजे पेट्या-निरोप पोचवणारी मदतनीस, म्हणून सुरुवात केली, मग लॉगिंग (चित्रणाच्या नोंदी) आणि आता ग्राफिक्सच्या टेबलाशी असते. दरवेळी तेच मेसेज टाइप करण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढते आहे. उदाहरणं मुख्यतः अल्पाइन स्कीइंगची, म्हणजे डोंगरउतारावरून घड्याळाविरुद्ध खाली येण्याच्या शर्यतींची आहेत, कारण माझे हंगाम त्यातच गेले.

क्रिकेटवरून येणाऱ्याला इथे पहिला धक्का बसतो. चौकार गेला की तो दिसतो, तो समजावून सांगावा लागत नाही. इथे एकामागून एक तीस जण त्याच उतारावरून, तशाच हेल्मेटमध्ये, जवळपास तितक्याच वेगाने खाली येतात. कोण पुढे आहे ते नुसत्या डोळ्यांना कळतच नाही. ताशी १०० किलोमीटर वेगात सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे जेमतेम २८ सेंटिमीटर. ते २८ सेंटिमीटर घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाला दिसायला हवेत, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. एवढं डोक्यात ठेवलंत तर पुढचे बरेच नियम न सांगता कळतील.

१. चित्र कुणाचं, ते आधी विचारा

काम मिळाल्याचा फोन आला की पैशांच्याही आधी विचारा: आपण यजमान प्रक्षेपक आहोत की हक्क विकत घेतलेली वाहिनी?

विश्वचषकाच्या शर्यतीत चित्रण बहुधा त्या देशातली वाहिनी करते. ऑस्ट्रियातल्या किट्सब्यूलची शर्यत ओआरएफ दाखवते, स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनची लाउबरहॉर्न शर्यत एसआरएफ. त्यांचे कॅमेरे, त्यांचा दिग्दर्शक. त्यातून एकच आंतरराष्ट्रीय सिग्नल तयार होतो, तेच हे ‘वर्ल्ड फीड’. त्यात चित्र असतं, डोंगरावरचा आवाज असतो, वेळेचे ग्राफिक्स असतात, समालोचन मात्र नसतं. बाकीचे देश तोच सिग्नल घेतात आणि त्यावर आपली भाषा चढवतात. पैसे असतील तर फिनिशपाशी स्वतःचे एक-दोन कॅमेरे आणि निवेदक उभे करतात.

ऑलिंपिकमध्ये यजमानाचं काम ओबीएस, म्हणजे ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस करते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ती २००१ मध्ये स्थापन केली, मुख्यालय माद्रिदला. तिचं चित्रण कुणा एका देशाकडे झुकलेलं चालत नाही. अमेरिकेत ते एनबीसीकडे जातं. युरोपात २०२६ ते २०३२ चे हक्क युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी यांनी मिळून घेतले आहेत.

याचा व्यवहारात अर्थ काय? बीजिंग २०२२ ला भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. जायंट स्लालममध्ये (उतारावर रोवलेल्या काठ्यांच्या फाटकांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीत) तो ४५ वा आला. ऑलिंपिकच्या सिग्नलमध्ये त्याची धाव इतरांसारखीच येणार, पण सुरुवातीच्या फाटकामागचा त्याचा चेहरा, त्याचा प्रशिक्षक, उतरल्यावरचं पहिलं वाक्य हे यजमान खास तुमच्यासाठी टिपून देत नाही. ते हवं असेल तर आपला माणूस तिथे उभा लागतो. मिळालेल्यातलं काय दाखवायचं, हा निर्णय मात्र सर्वस्वी हक्कधारकाचा. त्याच बीजिंगच्या उद्घाटन आणि समारोप सोहळ्यांचं थेट प्रक्षेपण डीडी स्पोर्ट्सने केलं नाही, हे आठवत असेल.

नवख्यांची इथे हमखास गडबड होते. हक्कधारक वाहिनीसाठी काम करणारा मुलगा यजमानाच्या ओबी व्हॅनमध्ये (प्रक्षेपणाच्या फिरत्या कंट्रोल रूममध्ये) जाऊन ‘आमच्या खेळाडूचा क्लोज-अप द्या ना’ म्हणतो. असं करू नका. विनंतीसाठी ठरलेला समन्वयक असतो आणि ती शर्यतीच्या आदल्या दिवशीच्या बैठकीत करायची असते.

२. कागदपत्रं आणि सामान

अ‍ॅक्रेडिटेशनचा (म्हणजे पासचा) अर्ज तुम्ही नाही, तुमची कंपनी भरते. नाव मात्र पासपोर्टवर आहे तसंच्या तसं कळवा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं किंवा येत नाही, त्यावरून गेटवर अर्धा तास वाद झालेले मी पाहिले आहेत.

सोबत काय ठेवायचं:

- पासपोर्ट, व्हिसा आणि कंपनीचं करारपत्र, तिन्हींच्या छापील प्रती. शेंगेन पर्यटक व्हिसावर काम करता येईल असं गृहीत धरू नका. नियम देशागणिक बदलतात, कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.
- प्रवासविमा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतंच, पण त्यात डोंगरावरचा बचाव आणि हेलिकॉप्टर धरलं आहे का ते वाचा.
- भारतातून व्यावसायिक कॅमेरा किंवा ध्वनिसामग्री नेत असाल तर एटीए कार्ने, म्हणजे सामान कस्टम्स न भरता तात्पुरतं परदेशी नेण्याचा कागद. भारतात ते फिक्की देते. यादीत प्रत्येक लेन्सचा क्रमांक हवा.
- बॅटऱ्या हातातल्या सामानात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या सहसा विनाअडचण जातात. १०० ते १६० च्या विमान कंपनीला विचारून, त्याही दोनच. व्यावसायिक बॅटऱ्यांवर ९८ हा आकडा इतका का दिसतो ते आता कळलं असेल.
- हेडलॅम्प, चिकटपट्टी, पेन्सिल. बॉलपेनची शाई गोठते.

एक सापळा खास सांगते. वेंगेन आणि किट्सब्यूल या शर्यती जानेवारीत लागोपाठच्या आठवड्यांत येतात आणि अर्धी टीम एकीकडून दुसरीकडे जाते. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपियन युनियनच्या कस्टम्समध्ये नाही. म्हणजे माणसं सुखाने पार होतात आणि कॅमेऱ्यांच्या पेट्या अडकतात. फोनचंही तेच. युरोपियन युनियनचं रोमिंग स्वित्झर्लंडमध्ये आपोआप चालेलच असं नाही, आणि बिल आल्यावर कंपनी हात वर करते.

३. थंडी

कपड्यांवर पानंच्या पानं लिहिता येतील, पण मुद्दे तीनच. अंगालगत सुती कपडा नको, घाम धरून ठेवतो आणि मग हाडं गोठतात. मेरिनो लोकरीचा घ्या. हातमोजे दोन जोड: आत पातळ, बाहेर जाड. आणि बूट एक माप मोठे.

सामानाचे हाल आपल्यापेक्षा जास्त होतात. थंडीत बॅटरी निम्म्या वेळात मान टाकते, म्हणून राखीव बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची. बाहेरून उबदार खोलीत कॅमेरा आणताना आधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, मग आत आणा आणि तासभर उघडू नका. नाहीतर लेन्सच्या आत दव जमतं आणि ते पुसताही येत नाही.

जायच्या आधी बर्फाचा अंदाज हवा असेल तर गुलमर्गला चार दिवस जाऊन या. स्की शिकायला म्हणून नाही. हातमोजे घालून केबल जोडता येते का, एवढंच पाहायला.

४. डोंगरावर: केबल, कॅमेरे आणि रस्ता ओलांडण्याचे नियम

अल्पाइन शर्यतीला मैदान नसतं, लांबच लांब उतार असतो. किट्सब्यूलचा श्ट्राइफ उतार ३,३१२ मीटर लांब, वरून खाली ८६० मीटरचा उतार, आणि माउसफाले या टप्प्यावर उताराची तीव्रता ८५ टक्के. लाउबरहॉर्न तर जवळपास साडेचार किलोमीटरचा, विश्वचषकातली सर्वांत लांब डाउनहिल (स्कीइंगमधली सर्वांत वेगवान प्रकारची शर्यत). विजेत्यालाही अडीच मिनिटांच्या आसपास लागतात. तिथल्या हानेगशुस या सरळ टप्प्यावर २०१३ मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारेचा वेग ताशी १६१.९ किलोमीटर मोजला गेला होता. या माणसाला एका कॅमेऱ्याने शेवटपर्यंत धरता येत नाही. म्हणून उतारावर कॅमेऱ्यांची साखळी लावतात. एक कॅमेरा खेळाडूला ठरावीक झेंड्यापर्यंत नेतो, तिथे पुढच्याने त्याला आधीच चौकटीत घेतलेलं असतं. दिग्दर्शक कट करतो, पहिला कॅमेरामन लगेच वर वळतो आणि पुढच्या खेळाडूची वाट पाहतो.

ही साखळी कागदावर सोपी दिसते. वेंगेनला गावात मोटारी येत नाहीत, सामान दातेरी रेल्वेने आणि उरलेलं हेलिकॉप्टरने वर जातं. वासरश्टात्सिओन या ठिकाणी तर शर्यतीची वाट त्याच रेल्वेच्या पुलाखालून जाते. विसरलेली एक पेटी खालून मागवायची म्हणजे पुढची गाडी कधी आहे ते पाहावं लागतं. त्यामुळे रनरच्या कामात धावण्यापेक्षा आदल्या रात्री पेट्या मोजण्याचा वाटा मोठा.

केबलबद्दल एक जुनी गोष्ट या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. १९५६ चं कोर्तिना हे दूरचित्रवाणीवर थेट दिसलेलं पहिलं हिवाळी ऑलिंपिक. त्याच उद्घाटनात ज्योत घेऊन बर्फावरून येणारा स्केटर ग्विदो कारोली केबलला अडखळून पडला. पडलेली केबल दिसली की ती तुमचीच आहे असं समजून बाजूला घ्या किंवा बर्फात पुरा. कुणाची आहे हे नंतर बघता येईल.

उतारावरचे नियम मोडणाऱ्याचा पास त्याच दिवशी जातो. वाट बंद झाल्याची घोषणा झाली की ती ओलांडायची नाही, पलीकडे तुमची पिशवी राहिली असली तरी. जाळीच्या आत उभं राहायचं नाही. पायात क्रॅम्पन (बुटांखाली लावायचे खिळे), कॅमेरा दोरीने बांधलेला, आणि खिशात सुटं काही नाही.

डोक्यावरून जाणाऱ्या गोष्टींबाबत सगळे इतके कडक का, तर २२ डिसेंबर २०१५. इटलीतल्या मादोन्ना दि कांपिल्योला स्लालमच्या (जवळजवळच्या फाटकांमधून होणाऱ्या, दोन फेऱ्यांच्या शर्यतीच्या) दुसऱ्या फेरीत ऑस्ट्रियाच्या मार्सेल हिर्शरच्या अगदी मागे चित्रीकरणाचा ड्रोन कोसळला. अंतर इतकं थोडं, की चित्र पाहताना आजही छातीत धस्स होतं. हिर्शर तसाच उतरून दुसरा आला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने आपल्या शर्यतींत ड्रोनला मनाई केली. आता ड्रोन पुन्हा दिसू लागलेत, पण परवानगीशिवाय आणि ठरलेल्या वाटेबाहेर कुणी उडवत नाही.

तालमीसाठी शर्यतीचा दिवस उजाडायची वाट पाहू नका. डाउनहिलला सरावफेरी असतेच. शर्यतीच्या दिवशी खेळाडूंच्या आधी फोररनर, म्हणजे वाट आणि घड्याळ तपासायला सोडलेले स्कीपटू, खाली येतात. ते आले की कॅमेरे, टॉकबॅक (टीमचं हेडसेटवरचं बोलणं), घड्याळ, ग्राफिक्स सगळं खरंखुरं चालवून बघायचं. बरेच नवखे या वेळी चहा प्यायला जातात.

प्रकाशाचं शेवटचं. बर्फ कॅमेऱ्याच्या मीटरला फसवतो. सगळं पांढरं म्हणून कॅमेरा आपणहून चित्र काळवंडून टाकतो आणि बर्फ राखाडी दिसतो. सावलीतला बर्फ निळा पडतो. ढगाळ दिवशी तर उतारावरचे उंचवटेच नाहीसे होतात. वाटेच्या कडांना आणि उड्यांच्या जागी निळा रंग मारलेला दिसतो तो खेळाडूला जमीन कळावी म्हणून. आपल्या कॅमेऱ्यालाही त्याचा फायदा होतो. व्हॅनमध्ये सीसीयूवर (कॅमेऱ्यांचं नियंत्रण करणाऱ्या यंत्रावर) बसलेला माणूस सतत प्रकाश खाली-वर करत असतो. तो बोलत नाही म्हणून तो निवांत आहे असं समजू नका.

५. ओबी व्हॅनमध्ये कुठे उभं राहायचं

दाराशी, कुणाच्या खुर्चीला न लागता. दिग्दर्शक कॅमेऱ्यांचे नंबर बोलत असतो: ‘सात तयार... सात. आठ तयार...’ व्हिजन मिक्सर बटणं दाबतो. मागच्या रांगेत ईव्हीएसवाले, म्हणजे रिप्ले काढणारे. तुम्ही लॉगर असाल तर तुमची जागा त्यांच्या शेजारी.

लॉगिंग म्हणजे कोणत्या टाइमकोडला काय झालं, याची नोंद. ‘छान वळण’ असं लिहून उपयोग नाही. ‘बिब १४, तिसरं फाटक, डावी स्की उचलली, ०.३१ गमावले’ असं लिहा. (बिब म्हणजे खेळाडूच्या अंगावरचा क्रमांक.) पुढच्या खेळाडूच्या सुटण्याआधी दिग्दर्शकाकडे रिप्लेसाठी काही सेकंदच असतात, आणि त्याला दाखवायचं असतं की वेळ नक्की कुठे गेली. तुमची नोंद चांगली असेल तर तो तुमच्याकडे बघतो. माझ्या मते हे काम शिकण्याची याहून चांगली जागा नाही, पैसे कमी मिळाले तरी.

टॉकबॅकवर बोलण्याचा नियम एकच: विचारलं तरच, आणि कमीत कमी शब्दांत. ‘मला वाटतं की’ हे शब्द घरी ठेवून या. ऑस्ट्रियात आणि जर्मनभाषक स्वित्झर्लंडमध्ये टॉकबॅक जर्मनमध्ये चालतो. निदान आकडे जर्मनमध्ये ऐकून कळले पाहिजेत, आणि ते उलटे येतात: २४ ला ‘चार आणि वीस’. चुकीचा बिब लिहिण्याचं निम्मं कारण हेच.

६. घड्याळ आणि ग्राफिक्स

सुरुवातीला म्हटलं ते २८ सेंटिमीटर इथे दिसतात. खेळाडूने फाटकातली काठी ढकलली की घड्याळ सुरू. वाटेत मधले टप्पे, खाली प्रकाशकिरण तोडला की थांबलं. प्रत्येक टप्प्यावर आघाडीवीराच्या तुलनेत फरक येतो: हिरवा म्हणजे पुढे, लाल म्हणजे मागे. हे आकडे टाइमिंग कंपनीकडून येतात, आपण ते टाइप करत नाही. आपलं काम ते कधी दाखवायचे आणि कधी काढायचे. टप्प्याच्या क्षणी तिथलं चित्र पडद्यावर हवं. आकडा दिसला आणि चित्र प्रेक्षकांचं असेल तर दोन्ही वाया.

याहून पुढची युक्ती म्हणजे दोन खेळाडूंची धाव एकावर एक चढवून दाखवणं. डार्टफिश या स्विस कंपनीच्या तंत्राने ते प्रसिद्ध केलं. एकाच वळणावर एक जण दुसऱ्याच्या पुढे निघालेला दिसतो आणि कुठलाही शब्द न बोलता प्रेक्षकाला कळतं. हे वारंवार वापरू नये असं काही दिग्दर्शक म्हणतात. मला पटत नाही, शर्यत समजावणारं याच्याइतकं साधं साधन दुसरं नाही.

खेळागणिक घड्याळाची बारकाई बदलते, तेवढी पाठ असू द्या. अल्पाइनला सेकंदाचा शंभरावा भाग, ल्यूजला (उताणं झोपून घसरगाडीवरून होणाऱ्या शर्यतीला) हजारावा. बॉबस्लेही (बर्फाच्या ट्रॅकवरची बसायची घसरगाडी) शंभराव्या भागावर थांबतं. म्हणूनच प्योंगचांग २०१८ ला दोघांच्या बॉबस्लेमध्ये चार फेऱ्यांनंतर कॅनडा आणि जर्मनी दोघांची बेरीज ३ मिनिटं १६.८६ सेकंद भरली आणि सुवर्ण दोघांना मिळालं. सोची २०१४ ला महिलांच्या डाउनहिलमध्ये तिना माझे आणि डॉमिनिक गिझिन यांचंही असंच झालं. तुमच्या टेम्प्लेटमध्ये बरोबरीची सोय आहे का, ते हंगामाच्या आधी तपासा. दोन ‘१’ आल्यावर गोंधळणारं सॉफ्टवेअर मी पाहिलं आहे.

स्की जंपिंगला तर लांब उडी मारणारा हरू शकतो. वारा आणि सुरुवातीच्या फाटकाची उंची यांचे गुण २००९-१० पासून जोडले-वजा केले जातात. पाच पंचांचे गुण असतात, त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा काढून टाकतात. ग्राफिक्समध्ये वाऱ्याचा आकडा दाखवला नाहीत तर पंचांनी पक्षपात केला असं प्रेक्षकाला वाटणार. बायथलॉनला (स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र) ५० मीटरवरचं लक्ष्य आडवं पडून मारताना ४५ मिलिमीटरचं आणि उभं राहून मारताना ११५ मिलिमीटरचं. पडद्यावरची पाच वर्तुळं हीच खरी कथा, त्या वेळी दुसरं काही दाखवायचं नाही.

७. शेवटचा उतरेपर्यंत विजेता नाही

यासाठी वेगळा मथळा मुद्दाम काढला आहे. १७ फेब्रुवारी २०१८, प्योंगचांगला महिलांची सुपर-जी, म्हणजे डाउनहिल आणि जायंट स्लालमच्या मधली शर्यत. ऑस्ट्रियाची आना फाइट पहिली, नावाजलेल्या सगळ्या जणी उतरून झालेल्या. एनबीसीने तिला विजेती म्हटलं आणि फिगर स्केटिंगकडे मोर्चा वळवला. मग २६ नंबरची चेक खेळाडू एस्टर लेडेत्स्का आली, जिची ओळख स्नोबोर्डर म्हणून होती. १ मिनिट २१.११ सेकंद. फाइट २१.१२. फिनिशला लेडेत्स्का घड्याळाकडे बघत उभीच राहिली, तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. पत्रकार परिषदेत तिने गॉगल काढला नाही, मेकअप केलेला नाही म्हणाली. एवढं सगळं थेट पाहायचं राहिलं ते अमेरिकेतल्या प्रेक्षकांचं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

स्लालममध्ये सापळा दुसऱ्या फेरीत असतो. विश्वचषकात पहिले तीस जण उलट क्रमाने उतरतात, म्हणजे तिसावा सर्वांत आधी. ४ फेब्रुवारी २०२४ ला शामोनीत स्वित्झर्लंडचा डॅनियल यूल पहिल्या फेरीअखेर तिसावा होता. तो सर्वांत आधी उतरला, आघाडीच्या खुर्चीत बसला आणि एकोणतीस जण येऊन गेले तरी त्याला कुणी उठवलं नाही. तुमच्या वाहिनीने पहिले दहा सोडून थेट आघाडीच्या खेळाडूंपासून सुरुवात केली असती तर? जाहिरातींसाठी विश्रांती ठरलेली असते, तिथेच जा. एरवी चित्र सोडू नका.

८. समालोचन: बहुधा स्टुडिओतूनच

बहुतेक समालोचक डोंगरावर नसतात. एनबीसीचेही बीजिंग २०२२ चे बहुतेक समालोचक कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डला बसून बोलले. भारतातून करायचं असेल तर हाच मार्ग. त्यासाठी:

आधी वेळ लिहून काढा. मध्य युरोप हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो. तिथे सकाळी साडेअकराची शर्यत म्हणजे इथे दुपारचे चार. डोंगरावर वारा सुटला की सुरुवात पुढे ढकलली जाते, तेव्हा अर्ध्या तासाचं बोलायला साहित्य हवं. जुन्या शर्यती, उताराचे टप्पे, स्कीवरचं मेण, काहीही चालेल, पण तयार हवं.

दुसरं, लाइव्ह टाइमिंगचं पान उघडं ठेवू नका. ते चित्राच्या काही सेकंद पुढे असतं. खेळाडू अजून शेवटच्या वळणावर आहे आणि तुमचा आवाज आधीच चढलेला, हे प्रेक्षकाला लगेच कळतं. उघडं ठेवायचंच असेल तर साथीदारासमोर ठेवा. बोलणाऱ्याने चित्रच बघायचं.

तिसरं, उच्चार. आपल्याला एक आयता फायदा आहे: चमच्यातला ‘च’ मराठी जिभेला येतो, त्यामुळे लेडेत्स्का आणि किट्सब्यूल आपल्याला अवघड जात नाहीत. तरी प्रत्येक नाव खेळाडूच्या स्वतःच्या तोंडून एकदा ऐका, मुलाखती सापडतात. इंग्रजी समालोचकाचा उच्चार उचलू नका, तोही बऱ्याचदा अंदाजानेच बोलत असतो.

साथीला माजी खेळाडू मिळाला तर नशीब. सापोरो १९७२ चा डाउनहिल विजेता बर्नहार्ड रूसी कित्येक वर्षं स्विस दूरचित्रवाणीवर बोलत असे आणि शर्यतीआधी कॅमेरा घेऊन स्वतः उतारावरून खाली येत असे. कुठे वाट उलटी झुकते, कुठे डोळ्यांपुढे काहीच दिसत नाही, हे त्याला सांगावं लागायचं नाही, दिसायचं. आपल्याकडे असा माणूस नसेल तर ती चित्रं मिळवून आधी पाहा. आणि चाळीस सेकंद गप्प बसायला शिका. बर्फावर घासणाऱ्या कडांचा आवाज यजमानाने माइक पुरून मिळवलेला असतो. तो ऐकू आला पाहिजे.

फिगर स्केटिंग करणार असाल तर संगीताचे हक्क विचारा. थेट प्रक्षेपणात चालणारं गाणं समाजमाध्यमावरच्या क्लिपमध्ये चालेलच असं नाही, आणि मग विजेतीचा व्हिडिओ मुका जातो.

९. पडझड झाली तर

शर्यत थांबते, वाटेत असलेल्या खेळाडूला पिवळा झेंडा दाखवून थांबवतात आणि त्याला पुन्हा उतरायला मिळतं. हा नियम समालोचकाला माहीत हवा, नाहीतर तो ‘बाद’ म्हणून मोकळा होतो.

चित्राबाबत बहुतेक चांगल्या व्हॅनमध्ये पाळला जाणारा क्रम असा: लगेच लांबचा शॉट, जखमी माणसाचा क्लोज-अप नाही, आणि तो हलतो-बोलतो आहे हे कळेपर्यंत रिप्ले नाही. रिप्ले ईव्हीएसवर तयार असतो, बटण दाबायचा मोह मोठा असतो. १२ फेब्रुवारी २०१० ला व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच जॉर्जियाचा ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली सरावात ट्रॅकबाहेर फेकला जाऊन मरण पावला. ती दृश्यं वाहिन्यांनी दाखवली आणि त्यावरून बरीच टीका झाली. तुम्ही लॉगर असलात तर अशा क्लिपवर ‘वापरू नये’ अशी खूण स्वतःहून करा आणि तोंडीही सांगा. रात्रीच्या पाळीचा संपादक थकलेला असतो, त्याला नुसती ‘जबरदस्त क्लिप’ दिसते.

१०. मिक्स्ड झोन

शर्यतीनंतरच्या मुलाखतींची ही जागा. खेळाडू जाळीच्या कडेने चालत येतो, पलीकडे आपण. आधी यजमान, मग पैसे मोजलेल्या वाहिन्या, मग रेडिओ आणि शेवटी छापील पत्रकार. रांग मोडू नका. दोन प्रश्न मिळतील असं धरून चाला. पहिला नेहमी धावेतल्या एका नेमक्या जागेचा: ‘तिसऱ्या फाटकानंतर काय झालं?’ ‘कसं वाटतंय?’ विचारलंत तर ‘छान वाटतंय’ हेच उत्तर मिळणार.

कधी थांबायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. सोची २०१४ ला सुपर-जीत कांस्य मिळवल्यावर अमेरिकेच्या बोडी मिलरला त्याच्या वारलेल्या भावाबद्दल एनबीसीसाठी पुन्हा पुन्हा विचारलं गेलं आणि तो रडत खाली बसला. प्रेक्षक संतापले. मिलरने स्वतः मुलाखतकार बाईंची बाजू घेतली, हेही खरं. माझं मत असं की पहिल्या अश्रूनंतर प्रश्न संपतो, कॅमेराही खाली घ्यायचा.

११. शर्यत संपल्यावर

प्रेक्षक पांगतात तेव्हा आपलं निम्मं काम बाकी असतं. अंधार पडायच्या आत केबल गुंडाळायच्या, कारण रात्रीत त्या बर्फात गोठून बसतात. कार्ड दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय पुसायची नाहीत. कार्नेची यादी पेट्यांशी पुन्हा ताडून पाहा, सीमेवर एक लेन्स कमी भरली तर उत्तर द्यायला तुम्हीच उभे असाल. आणि कामाचे तास त्याच संध्याकाळी लिहून प्रॉडक्शन मॅनेजरला मेल करा. जादा तासांचा हिशेब मार्चमध्ये मागायला गेलात तर त्याच्याकडे पुढच्या हंगामाचं वेळापत्रक असतं, तुमच्या जानेवारीचं नसतं.